मागच्या डाव्या दाराची काच

मी एक जुनी, फिक्या निळ्या रंगाची मोटार आहे. मित्रांनो, माझ्या चार दारांपैकी तीन दारांच्या काचा माझ्याबरोबर कारखान्यातून आल्या. मागच्या डाव्या दाराची काच मात्र मी बारा वर्षांची झाल्यावर आली. उन्हात नीट पाहिले तर ती इतर तिघींपेक्षा जरा हिरवट दिसते. ती का बदलावी लागली, हे मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. काचा बसवणारी एक कामगार बाई नव्या मुलींना शिकवत असे. समोरची काच दोन थरांची असते, दगड लागला तरी ती जाळी होऊन जागेवर राहते. दाराची काच वेगळी. ती तापवून एकदम गार केलेली असते. फुटली की तिचे बारीक बारीक खडे होतात, म्हणजे सुरीसारखे तुकडे कोणाच्या अंगात घुसत नाहीत. हे मी ऐकले आणि विसरून गेले. नव्या गाडीला फुटण्याचे विचार कशाला सुचतील?

पहिली चार वर्षे मी एका डॉक्टरांकडे होते. ते मला रोज पुसून घेत. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग घर दाखवत. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर इतकी धूळ बसली, की शेजारची मुले बोटाने चित्रे काढत. एक दिवस पडदे शिवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी माझा रंग पाहिला नाही, इंजिनही पाहिले नाही. मागची सीट आडवी केली, खिशातून टेप काढली, मोजले आणि म्हणाल्या, "सात फुटी दांडी बसते. घेते मी."

बाईंकडे मला काम भरपूर होते. पडद्यांच्या दांड्या, कापडाचे तागे, कड्यांच्या पेट्या. बाई मला रोज पुसत नसत, पण तेल आणि हवा कधी चुकवत नसत. विम्याची मुदत संपायच्या आठ दिवस आधी त्या कागद नवे करून घेत. "गाडी बंद तर माझे हात बंद," असे त्या म्हणत.

माझ्या पुढच्या सीटवर त्यांचे वडील बसत. बाई त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांनी एकतीस वर्षे बस चालवली होती. आता त्यांना विसर पडू लागला होता. जेवून उठले की, जेवण झाले का म्हणून विचारत. घरी एकटे ठेवायची सोय राहिली नव्हती, म्हणून बाई मापे घ्यायला निघाल्या की त्यांनाही बरोबर घेत. गाडीत मात्र ते खूश असत. बाई वळण घेऊ लागल्या की आपोआप डावीकडे बघून सांगत, "मोकळं आहे, चल."

त्या दिवशी दुपारी कडक ऊन होते. बाईंना कापडाच्या दुकानात नमुन्यांचे पुस्तक परत द्यायचे होते. दुकानासमोर पदपथावर नव्या फरशा बसवण्याचे काम चालू होते. फरशी कापायच्या यंत्राची धूळ सगळीकडे उडत होती, म्हणून माझ्या चारही काचा वर होत्या. बाईंनी पंखा चालू राहावा म्हणून किल्ली तशीच ठेवली.

"बाबा, दोन मिनिटांत आले. हलायचं नाही हं."

"मी कुठे जातोय?" बाबा म्हणाले.

बाई दुकानात शिरल्या आणि बाबा सरकत सरकत माझ्या स्टिअरिंगमागे येऊन बसले. त्यांनी आरसा आपल्या मापाने वळवला. थांब्यावर इंजिन बंद ठेवायचे, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी किल्ली फिरवली, पंखा बंद पडला. मग त्यांनी दाराची खुंटी दाबली आणि माझी चारही दारे खट्कन लागली. मला सगळे कळत होते, पण दार आतून उघडण्याची शक्ती मोटारीला नसते.

दुकानदाराने बाईंना नवे कापड दाखवायला घेतले. दोन मिनिटांची पंधरा मिनिटे झाली. बाई आल्या, त्यांनी दार ओढले, ते उघडेना.

"बाबा, खुंटी वर करा."

बाबांनी हाताने नाही म्हटले. आतून त्यांचा आवाज बारीक येत होता. "डेपोत चाललीय गाडी. मागची येतेच आहे, तिने या."

बाईंना आधी हसू आले. मग त्यांचे लक्ष बाबांच्या सदऱ्याकडे गेले. तो घामाने अंगाला चिकटला होता. त्यांनी काचेवर थापा मारल्या, हाका मारल्या. बाबा समोर रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांचा हात स्टिअरिंगवरून घसरला आणि मान छातीवर पडली.

दुसरी किल्ली घरी होती आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. माणसे जमली. कोणी म्हणाले, तार आणा. कोणी म्हणाले, मेकॅनिकला फोन लावा. एकाने फोन हातात घेऊन तो माझ्याकडे रोखून धरला. एक गृहस्थ म्हणाले, "काच फोडू नका हं. स्वतः फोडलेल्या काचेचा विमा मिळत नाही."

फरशा बसवणारा एक गवंडी गर्दी बाजूला सारत पुढे आला. पन्नाशीचा माणूस, पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ. त्याने एकदा आत पाहिले.

"बाई, फोडू का?"

"फोडा हो. लवकर फोडा."

"म्हातारबाबांच्या लांबची फोडतो." तो माझ्या मागच्या डाव्या दाराशी गेला. हाताला ओले फडके गुंडाळले. काचेच्या मधोमध न मारता त्याने खालच्या कोपऱ्यावर छन्नी टेकवली आणि हातोडीचा एकच घाव घातला.

माझी काच एका क्षणात खडीसाखरेसारखी कोसळली. अर्धी सीटवर, अर्धी दाराच्या पोटात. गवंड्याने खिडकीतून हात घालून खुंटी ओढली. त्याचे कोपर खरचटले. बाबांना बाहेर काढून दुकानाच्या सावलीत निजवले, ओल्या कापडाने पुसले. थोड्या वेळात रुग्णवाहिका आली आणि बाई त्यांच्याबरोबर गेल्या. घाईत त्यांनी गवंड्याचे नावही विचारले नाही.

गर्दी पांगली. गवंड्याने आपल्या झाडूने माझी सीट झाडली, सिमेंटची रिकामी पिशवी फाडून खिडकीला चिकटपट्टीने लावली, माझी दारे बंद करून किल्ली दुकानदाराकडे दिली आणि तो पुन्हा फरशांकडे गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, की आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होते. बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले. चौथ्या दिवशी विमा एजंट आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि फॉर्म माझ्या बॉनेटवर पसरला.

"ताई, कंपनीला लगेच कळवलंत आणि काही दुरुस्त केलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक आहे, बाजूची काच त्यात येते. थोडा भाग तुमचा, बाकी कंपनीचा. फक्त पुढच्या हप्त्यावरची सूट जाईल. म्हणून एवढ्याशा काचेसाठी क्लेम करायचा का, ते आधी बघा."

"नुसती काच नाही," बाई म्हणाल्या. "खडे दारात अडकलेत. काच वर-खाली करायचं यंत्रही मोडलंय."

"मग करा क्लेम. पण लिहायचं काय?" एजंटांनी आवाज खाली आणला. "तुम्ही स्वतः फोडायला लावली, असं लिहिलंत तर फाईल लटकेल. अज्ञात इसमाने फोडली, असं लिहा. एक पोलीस तक्रार करू. पुरावा तर आयताच आहे, व्हिडिओ फिरतोय ना."

"कुठला व्हिडिओ?"

त्यांनी फोन दाखवला. त्यात गवंडी होता, हातोडी होती आणि फुटणारी माझी काच होती. वर कोणीतरी लिहिले होते, की भरदिवसा गाडी फोडली.

"याच्यात बाबा दिसतच नाहीत," बाई म्हणाल्या.

"तेच तर आपल्या पथ्यावर पडलंय."

बाईंनी फॉर्मची घडी घातली. "उद्या देते," एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, बाई खरेपणाच्या पुतळ्या होत्या, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी त्या माझ्यात येऊन फॉर्म घेऊन बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी पेनाचे टोपणही काढले नाही. खरे लिहायचे तर आपण वडिलांना बंद गाडीत उन्हात ठेवून गेलो, हेही लिहावे लागणार होते. त्यांच्या भावाला, जो दुसऱ्या गावी राहत होता, त्यांनी अजून हे सांगितले नव्हते. सांगण्याचे धाडसच होत नव्हते.

शेजारी बाबा बसले होते. "काय लिहितेस?"

"काच फुटल्याचा रिपोर्ट."

बाबा एकदम ताठ बसले. "मग त्यात काय एवढं? वेळ लिही. जागा लिही. गाडी कोणाच्या ताब्यात होती ते लिही. काच कोणी फोडली, कशासाठी फोडली ते लिही. आमच्याकडे काच फुटली की डेपोत गेल्या गेल्या लिहून द्यावं लागे. ज्याने खोटं लिहिलं तो दुसऱ्यांदा साहेबांसमोर उभा राहिला की अडकायचा."

"गाडी कोणाच्या ताब्यात होती, बाबा?"

बाबांनी बराच विचार केला. "माझ्याच असेल. चालक मी होतो ना?"

बाईंनी तोंड खिडकीकडे वळवले. मग पेन उघडले आणि लिहिले, गाडी माझ्या ताब्यात होती. पुढचे सगळे त्यांनी एका दमात लिहून काढले.

साक्षीदाराच्या सहीसाठी त्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन पदपथाच्या कामावर गेल्या. गवंडी तिथे नव्हता. मुकादम सावलीत बसला होता.

"त्याला घरी बसवलाय," तो म्हणाला. "व्हिडिओ वरच्या साहेबांपर्यंत गेला. लोकांच्या गाड्या फोडणारा माणूस नको म्हणाले. तो सांगत होता काहीतरी, पण कागदावर काय आहे?"

"कागदावर हे आहे." बाईंनी फॉर्म त्याच्यापुढे धरला. मुकादमाने ओठ हलवत सगळा वाचला. शेवटच्या ओळी त्याने दोनदा वाचल्या. मग उठून माझ्यापाशी आला आणि खिडकीवरची पिशवी बोटाने चाचपून पाहू लागला.

"ही आमच्याच कामावरची पिशवी आहे की!" तो म्हणाला. "चोर खिडकी झाकून जात नाही. द्या याची एक प्रत. मी नेतो वर."

गवंड्याला त्याच्या घरून बोलावून आणले. त्याने सही केली आणि बाईंना म्हणाला, "माझ्यामुळे तुमचा क्लेम बुडणार नाही ना?"

"बुडू दे," बाई म्हणाल्या. "आणि कोपर दाखवा आधी. औषध लावलंत का?"

दोन दिवसांनी तो कामावर परतला. भावाला बाईंनी त्याच आठवड्यात फोन केला. तोही माझ्यात बसूनच. भाऊ आधी खूप बोलला. बाई ऐकत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला पंधरा दिवस बाबा माझ्याकडे." बाई फोन ठेवून रडल्या आणि मग गिऱ्हाइकाकडे मापे घ्यायला गेल्या.

कंपनीच्या सर्व्हेअर बाई आल्या, तेव्हा मात्र माझीही धाकधूक वाढली. त्या कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दाराचे अस्तर उघडायला लावले, पोटातले खडे पाहिले, फोटो काढले.

"काच तुम्ही फोडायला सांगितलीत?"

"हो."

"वडिलांना आत ठेवून तुम्ही दुकानात गेला होता?"

"हो. पंधरा मिनिटं. चूक माझी आहे."

सर्व्हेअर बाईंनी दवाखान्याचा कागद पाहिला, त्यावरची वेळ फॉर्मशी ताडून पाहिली. "बहुतेक फॉर्मांत दगड असतो," त्या म्हणाल्या. "मग मी विचारते, दगड कुठाय? तुमचं दार लागलं ते अचानक, आणि काच फोडली ती माणूस वाचवायला. तसंच लिहिलंय आणि तसंच दिसतंय. मंजूर करायचं का नाही ते वरचे ठरवतील. मी माझं मत लिहिते."

मंजुरी यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात दोनदा जास्तीचे कागद मागवले. पिशवी वाऱ्याने फडफडायची आणि बाबा दर वळणावर म्हणायचे, "मागचं दार वाजतंय, बघून घे." शेवटी पत्र आले. काच आणि आतले यंत्र कंपनीने दिले. ठरलेला छोटा भाग बाईंनी भरला, हप्त्यावरची सूटही गेली. गॅरेजमध्ये काचवाल्याने दाराच्या पोटातले खडे वेचून काढले आणि नवी काच खाचेत सरकवली. ती पहिल्यांदा वर गेली तेव्हा जरा अडखळली, मग सरळ गेली.

आता मी अठरा वर्षांची आहे. माझा रंग उडाला आहे, चढावर मला दम लागतो. बाई आता लांबच्या कामाला मला नेत नाहीत. बाबा गेल्या वर्षी गेले, त्यांच्या पलंगावर, आपल्या माणसांत. मला एवढे पुरेसे वाटते.

मित्रांनो, आम्हा गाड्यांना जपा. तेल बघा, हवा बघा, विम्याचे कागद वेळेवर नवे करा. पण कोणाला आत ठेवून, "आलेच हं," म्हणून जाऊ नका. म्हातारे माणूस नाही, लहान मूल नाही, कुत्रे-मांजरही नाही. आणि कधी एखाद्या बंद गाडीत कोणी कोमेजलेले दिसले आणि दार उघडेना, तर काचेचा विचार करू नका. काच गॅरेजमध्ये मिळते. काच फुटली, माणूस बाहेर आले, की लगेच आपापल्या वाटेने निघूनही जाऊ नका. जरा थांबा. काय घडले, हे सांगायला कोणीतरी लागते.