आणीबाणीचा कॉल

चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते दाखवायला सरांनी कॉलेजच्या कॉरिडॉरपासून फाटकापर्यंत खडूची वर्तुळं आखली आणि प्रत्येकात एक विद्यार्थी उभा केला. हे झाले टॉवर. मोबाइल व्हायला मात्र कोणी तयार होईना, म्हणून शिपाईकाकांच्या गळ्यात ‘मोबाइल’ अशी पाटी अडकवली.

“काका, तुमचा कॉल चालू आहे असं समजा. पुढचा टॉवर ‘या’ म्हणाला की आत्ताचा सोडेल. तोवर हलायचं नाही.”

“सर, चारला लेक निघालीय. नवी नोकरी, वर्षभर यायची नाही. बस फाटकावर पाचच मिनिटं थांबते.”

“शेवटचा टॉवर फाटकावरच आहे. वेळेत पोचवतो तुम्हाला.”

समोर तपासणी समितीचे तिघं बसले होते. सरांची नोकरी आज पक्की तरी व्हायची नाहीतर जायची. काका पहिल्या टॉवरपाशी जाऊन उभे राहिले.

पाच टॉवर त्यांनी झोकात पार केले. जिन्यापाशी घोडं अडलं. तिथल्या वर्तुळात कोणीच नव्हतं. तिथला लंबू चहाला गेला होता.

“पुढचा टॉवर बंद आहे,” पाचव्या वर्तुळातली चष्मेवाली म्हणाली. “मी सोडणार नाही.”

“अगं पोरी, चार पावलं तर आहेत!”

“कॉल तुटेल, काका. माझे मार्क जातील.”

समितीतल्या जाड्या साहेबांनी मान डोलावली. “बरोबर. चालू कॉलमध्ये मोबाइलनं मनानं हलायचं नसतं.”

खाली हॉर्न वाजला. खिडकीतून बस दिसली, बसच्या दारात उभी लेकही दिसली. तिनं फाटकावरच्या पोराला विचारलं, “माझे बाबा कुठंयत?” पोरगा शिकवल्याबरहुकूम वागला. मोबाइल कुठं आहे ठाऊक नसेल, तर सगळ्या टॉवरनी एकदम हाक मारायची. चाळीस गळ्यांतून आरोळी उठली, “बाबा! बाबा!”

“इथं आहे!” काका ओरडले. पण सोडतंय कोण?

आठ वर्षं काका या वर्गाचा फळा पुसत होते आणि दाराशी स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांनी पाटी उंच धरली. “आणीबाणीचा कॉल!”

सर चमकले. “काय?”

“दर वर्षी तुम्हीच सांगता ना? आणीबाणीचा कॉल कुठल्याही टॉवरनं घ्यायचा. जागा नसली तर दुसऱ्याला हटवून.”

सरांनी घाबरत समितीकडे पाहिलं. जाडे साहेब उठले, तडक जिन्यातल्या वर्तुळात जाऊन उभे राहिले आणि गरजले, “या!”

मग काय विचारता! ‘या, या’ करत टॉवरांनी काकांना फाटकापर्यंत अक्षरशः फेकलं. बस हलली होती. लेकीनं खिडकीतून हात बाहेर काढला.

“गोळ्या वेळेवर घ्या, बाबा!”

काका तो हात धरून बसबरोबर चालू लागले. मागून सर बोंबलले, “काका, रेंजच्या बाहेर चाललात!”

“चाललो,” काका म्हणाले, आणि वळणापर्यंत त्यांनी हात सोडला नाही.