रानमाणसाचं तोंड

चर्चच्या खांबावर केसाळ, नागडा माणूस कशाला हवा, हे पोशीरच्या भिवाजी सुताराला काही केल्या उमजेना. पण नेरळजवळच्या त्या लहानशा चर्चच्या पाद्रीबाबांनी चित्रच पुढ्यात ठेवलं होतं. "आमच्याकडच्या जुन्या चर्चांत हा असतो. रानात राहतो, माणसांत येत नाही." अंगभर केस, छातीपर्यंत दाढी, हातात सोटा. चित्रातलं तोंड मात्र पुसट होतं.

तिथंच घात झाला. जित्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आणल्याशिवाय मूर्तीला तोंड करायचं नाही, ही भिवाजीच्या घराण्याची रीत. आणि रानातला माणूस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? धाकटा भाऊ नामा बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडून डोंगरात पळाला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. भिवाजीचा हात आपला चालत राहिला. लहानपणी पटाशी लागून दुभंगलेली नामाची डावी भुवईसुद्धा सागवानात उतरली. शेवटी रीतीप्रमाणे मूर्तीचे डोळे कोरून उघडले, नारळ फोडला, तेव्हा कुठे त्यानं नीट पाहिलं. खांबावरून नामाच त्याच्याकडे बघत होता.

रविवारी प्रार्थनेला आलेला पोलिसांचा गोरा साहेब पडवीत आडव्या ठेवलेल्या त्या खांबाशी थबकला. भुवईवर त्यानं बोट फिरवलं. फरारी टोळीत दुभंगल्या भुवईचा एक जण आहे, एवढंच पोलिसांना ठाऊक होतं. ना नाव, ना फोटो. "सुताराला उद्या थांबवून ठेवा. फोटोवाला घेऊन येतो," असं पाद्रीबाबांना बजावून तो गेला.

दुपारी भाकरी घेऊन आई, सोनुबाई आली, तेव्हा भिवाजी मांडीवर लाकूड तासायचा वाकस घेऊन नुसता बसला होता.

"आये, ह्यो आपला नामा हाय. साहेब उद्या फोटू काडतोय. गावोगाव दाखवला तर कुनीबी नाव सांगंल."

"मंग तासून टाक की रं!"

"डोळे उघडलेत गं! आता हत्यार लावलं, तर ज्याचं तोंड त्याच्या जिवावर येतं. बा काय सांगायचा, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. तिचाही त्यावर तेवढाच विश्वास होता. सोनुबाई खांबापाशी खाली बसली. वर्षभर तिनं लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं. दाढीवरून, गालावरून तिनं हात फिरवला.

"लय वाळलास रं," ती लाकडाला म्हणाली. "जेवतोस का नाय?"

मग तिनं भिवाजीच्या मांडीवरचा वाकस उचलला.

"आये, नको गं!"

"तू नको हात लावूस. मी जन्म दिलाय त्याला, पाप लागंल तं मला लागू दे. साहेबानं इचारलं तं सांग, म्हातारी खुळी हाय."

तिनं पदराचं टोक त्या उघड्या डोळ्यांवर टाकलं, आणि पदरासकट भुवईवर घाव घातला.