चंदरचा शब्द

आमच्या डहाणूच्या बंदरावर बोटीचा पंप बंद पडला, की शेजारी उभ्या बोटीचा काढतात, लावतात आणि निघतात. मालकाला संध्याकाळी सांगितलं तरी चालतं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. आमच्या हार्दिकने लहानपणापासून बापाबरोबर हेच केलंय. पण विमानाला हे चालत नाही, एवढं त्यालाही कळत होतं हो! शिकून, लायसन्स काढून विमानाचा मेकॅनिक झालेला माझा पोरगा.

गुजरातेतली छोटीशी कंपनी ती. मेल्यांकडे सुटे भाग नावाला नाहीत. वरचा साहेब डोक्यावर बसला, "त्या बंद विमानाचा पंप काढ, याला लाव. नोंद मागाहून करू." हार्दिकने लावला. एकदाच. पुढे तपासणीवाले आले, असले ढीगभर घोळ निघाले आणि कंपनीला टाळं लागलं. बरंच झालं म्हणते मी, माणसं मेली असती तर? पण तो साहेब हात झटकून मोकळा, आणि चौकशी माझ्या पोरामागे.

मुंबईला सुनावणी होती. एकदाच चुकला असं ठरलं, तर लायसन्स काही महिने अडकवून परत देणार होते. तेवढ्यावरच आमचा जीव टांगलेला.

हार्दिकचे बाबा म्हणाले, "मी येतो."

"अहो, तिथे तुमचं काय काम?"

"पोराने पंचांपुढे एकट्याने जायचं होय?"

आमच्यात जमातीपुढे बापाने उभं राहायचं, नारळ ठेवायचा, आणि केलं त्याहून चार गुन्हे जास्तच कबूल करायचे. मग पंच निवळतात, माफ करतात. बाप बोलत असताना पोराने तोंड उघडायचं नाही.

पुढचं मला हार्दिकनेच सांगितलं. यांनी टेबलावर नारळ ठेवला आणि हात जोडले. "साहेब, एकदा कशाला? दहादा केलं असेल माझ्या पोराने. मीच शिकवलंय त्याला. पदरात घ्या."

अधिकाऱ्याने हार्दिकला विचारलं, "खरं आहे?"

पोराच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण चार माणसांत बापाला खोटं कसं पाडायचं? मान खाली घालून बसला माझा शहाणा!

"खरं बोललात काका, बरं झालं," अधिकारी म्हणाला. झालं! यांना वाटलं, पोरगा सुटला. येताना चारोटीला पेढे घेतले आणि बंदरभर वाटले.

हुकूम आला तो लायसन्स कायमचं रद्द झाल्याचा. हार्दिकने मला वाचून दाखवला आणि चुलीत घातला. "बाबांना सांगू नकोस आई. हाय खातील." रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली. ओरडू तरी कोणावर? यांच्यावर? त्यांनी तर पोरासाठी स्वतःची मान वाकवली.

आता हार्दिक शेजारच्या नविनच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. बापाला सांगतो, कंपनी अजून बंद आहे.

काल त्या कंपनीत त्याच्याबरोबर कामाला असलेला मितेश आला. त्याला यातलं काही माहीत नाही. जेवताना बोलून गेला, "दुसऱ्या एका कंपनीत मेकॅनिक घेतायत, मला घेतलंसुद्धा."

हे एकदम खुलले. "अरे, मग जा की! हवं तर मी येतो तिथल्या साहेबाशी बोलायला. या चंदरचा शब्द मानतात ती माणसं."

हार्दिक ताटावरून उठला आणि बाहेर गेला.

"याला काय झालं गं?" यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, भूक नसेल. तुम्ही जेवा."