उलट्या आकड्यांची पाटी

मित्रांनो, मी पितळेची एक पाटी आहे. जुनी म्हणा, मला राग नाही; पण भंगार म्हणालात तर याद राखा. आमच्या ब्रॅइला गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका बुटक्या घराच्या दाराशेजारी मी असते. माझ्यावर वरच्या ओळीत नाव आहे, साबिना दोब्रोता. त्याखाली हुद्दा आहे, घरे व जमिनींची मूल्यांकनकार. आणि सगळ्यात खाली चार आकडे आहेत, ते चारही उलटे. आरशात दिसावेत तसे. येणारे जाणारे हसतात. हसू देत. ते आकडे उलटे कसे झाले, तेवढं सांगते आणि गप्प बसते.

मला घडवलं साबिनाच्या बापाने, नेस्तोरने. बंदरावर एक बोट मोडीत निघाली होती, तिच्या पत्र्याचा तुकडा त्याने हौसेने उचलून आणला. कापला, घासला, अंगावर घेऊन निजायचा तेवढा बाकी राहिला होता. नेस्तोरचं काम कोरण्याचं. कचेऱ्यांचे, दवाखान्यांचे शिक्के तो कोरायचा, आणि चर्चला न्यायच्या पावावर दाबतात ते लाकडी ठसेही. गावातल्या निम्म्या घरांत त्याच्याच हातचा ठसा होता. पाटी म्हणाल तर वर्षात एखादी. शिक्का आणि ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो दाबल्यावर सुलटा उमटतो. जन्मभर उलटं कोरून कोरून त्याचा हातच तसा झाला होता. शेजारची आग्लाया अजून सांगते, "लग्नाच्या नोंदणीला हा बाबा एवढा घाबरला, की सही उलटी करून आला! तिथला साहेब म्हणाला, आता बायकोपण उलटी नांदवणार का?" बायको सुलटीच नांदली बिचारी, पण लवकर गेली. घरात बाप आणि लेक उरले.

साबिना बँकेत कारकून होती. तिथे लोकांच्या घरांच्या किमती ठरवून आणणारे यायचे, खुर्चीत ऐटीत बसायचे. तिच्या मनात भरलं, आपणही हेच व्हायचं. पण मित्रांनो, घराकडे बघून आकडा सांगणं हे काही बाजारात टोमॅटोचा भाव सांगण्यासारखं नाही. आधी वर्ग करायचे. मग एका मुरलेल्या मूल्यांकनकाराच्या हाताखाली उन्हातान्हात घरं बघत हिंडायचं, भिंती मोजायच्या, तळघरातली ओल हुंगायची, तसलीच घरं आसपास कितीला गेली ते शोधायचं. मग परीक्षा. परीक्षा पास झालात तर तुमचं नाव नोंदवहीत चढतं आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक मिळाला म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आलं. तोवर तुम्ही नुसते मापाच्या फिती धरणारे.

तिचा गुरू होता तितुसकाका. जाडजूड, धापा टाकणारा, कोटाच्या खिशात कायम भोपळ्याच्या बिया. तो तिला म्हणायचा, "पोरी, घरात शिरलीस की आधी नाक, मग डोळे, मग फीत. आणि मन दाराबाहेर, पायपुसण्यावर ठेवायचं."

साबिना वर्गाला जायला लागली आणि इकडे नेस्तोरने मला हातात घेतलं. नाव कोरलं, हुद्दा कोरला. काय अक्षर होतं! एकेक वळण असं, की बोट घसरत जावं. खाली क्रमांकाची जागा मोकळी सोडली. आग्लाया कुंपणावरून ओरडली, "अहो नेस्तोर, पोर अजून परीक्षेला बसली नाही आणि पाटी कसली कोरताय?"

"तुझ्या नवऱ्याच्या कबरीवरच्या क्रुसावर तुझं नाव कधीच कोरून ठेवलंय की," नेस्तोर म्हणाला. "नुसतं मरायचं साल मोकळं सोडलंय. ते चालतं तुला?"

"ते माझ्याच पैशाने कोरलंय!"

"मग हे माझ्या पितळेवर. जा, सूप करपतंय तुझं."

पण घाईचं खरं कारण नेस्तोरने तिला सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही कडेकडेने जाईल. त्याला एकच हवं होतं. लेकीचा क्रमांक आपल्या हाताने कोरायचा, आणि तो कोरताना आपल्याला दिसायला हवा. संध्याकाळी तो मला मांडीवर घ्यायचा, त्या मोकळ्या जागेवर अंगठा फिरवायचा. मीही वाट बघत होते. तुम्हाला वाटेल पितळेला काय कळतं. पितळेला माणसाच्या हाताची ऊब कळते, तुमच्याहून जास्त.

साबिना पहिल्यांदा परीक्षेला बसली आणि नापास झाली. कशापायी, तर द्राक्षाच्या मांडवापायी. तिला एका विधवा बाईच्या घराची किंमत काढायला दिली होती. अंगणात मांडव होता, बाईच्या मेलेल्या नवऱ्याने लावलेला. त्या सावलीत बाईने साबिनाला बसवलं, गोड चेरी आणि पाणी दिलं. साबिनाने किंमत जरा चढवून लिहिली. परीक्षकांनी विचारलं, "हे जादाचं कशाचं?"

"मांडवाचं," ही म्हणाली. "सावली फार छान आहे हो."

"ती सावली विकत घेणारं गिऱ्हाईक घेऊन या, मग बघू."

घरी येऊन पोर उशीत तोंड घालून रडली. तितुसकाका बिया फोडत बाजूला बसला. "आपल्याला कुणी विचारत नाही, घरात कोण कसं राहिलं," तो म्हणाला. "उद्या परका माणूस दारात उभा राहून किती देईल, एवढंच विचारतात. बाकीचं सगळं शून्य. कठोर आहे, पण हेच काम आहे. जमत नसेल तर बँकेत बस जा पावत्या फाडत."

तिने मनावर घेतलं. वर्षभर स्वतःला घडवलं. पण तेच वर्ष नेस्तोरच्या डोळ्यांनी नेलं. आधी कडा गेल्या. तो दारांना धडकायचा आणि दारांनाच शिव्या द्यायचा. मग मधलंही धुरकटलं. साबिना दुसऱ्यांदा परीक्षेहून उड्या मारत आली, "बाबा, पास झाले! नंबर मिळाला!" तेव्हा तो खिडकीशी बसला होता आणि आवाजाकडे तोंड करून हसला. आवाजाकडे. तिच्याकडे नाही. तिचं तोंड त्याला दिसतच नव्हतं.

"आण पाटी," तो म्हणाला. "आणि कोरणी."

"बाबा, आपण दुसऱ्याकडून..."

"दुसऱ्याकडून? माझं नाव लावतेस ना अजून?"

तिने मला त्याच्या पुढ्यात ठेवलं. आकडे वाचले, सात, चार, दोन, पाच. डाव्या हाताच्या बोटाने जागा चाचपत तो कोरायला लागला. एकही रेघ घसरली नाही. पण डोळे नसले की हात आपल्या जुन्या सवयीवर जातो. त्याचा हात शिक्क्यावर गेला, ठशावर गेला. उजवीकडून सुरुवात झाली. सात उलटा पडला. चार उलटा. इतके रेखीव आकडे त्याने उभ्या आयुष्यात कोरले नसतील, आणि सगळे उलटे. साबिनाने तोंडावर हात दाबून धरला.

"कसं झालंय गं?" त्याने विचारलं.

"सुंदर," ती म्हणाली. आवाज तेवढा सांभाळला तिने.

मला दाराशी लावलं. रोज सकाळी पाव आणायला निघताना नेस्तोर थांबायचा, माझ्यावरून बोटं फिरवायचा, नाव, हुद्दा, क्रमांक, आणि मग काठी टेकत जायचा. परतताना पुन्हा. पाव काखेत, पीठ बोटांना. मी पिठाने माखायचे. तेवढे दिवस माझे खरे सुखाचे. चकाकणाऱ्या पाट्या मी पुष्कळ पाहिल्या, पण पिठाने माखलेली मीच.

मग एक दिवस बँकेचा माणूस आला. कोवळा, केसांना तेल लावलेला, बूट माझ्याहून चकचकीत. मला बघून म्हणाला, "मॅडम, हा नंबर कोणत्या भाषेत आहे? की तुमची किंमतही आरशात वाचायची?" बरोबरचे दोघे हसले. साबिनाचे कान लाल झाले. नवं काम, नवं नाव, आणि दारातच हसं. तितुसकाकाने शिकवलं होतं ना, परका माणूस दारात उभा राहून काय म्हणेल तेवढंच बघायचं. तिने तेच बघितलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर कापलेली गुळगुळीत पाटी आली आणि मी खणात गेले, सुतळ्या आणि मेलेल्या बॅटऱ्यांच्या सोबतीला.

खणातून दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. सकाळी काठी दाराशी थांबली. बराच वेळ थांबली.

"साबिना," नेस्तोर म्हणाला. "पाटी घासलीस का गं?"

ती दचकली असणार. "हो बाबा. काळी पडली होती."

"बरं केलंस," तो म्हणाला. "चांगली घासलीस. माझा हात पार निघून गेला."

एवढंच. त्या दिवसापासून तो पाव आणायला मागच्या फाटकाने जायला लागला. आग्लायाने विचारलं, "इतका वळसा घालून कशाला हो?" तर म्हणाला, "तिकडे ऊन चांगलं असतं." उत्तरेकडच्या फाटकाला कसलं आलंय ऊन!

नदी गोठली त्या हिवाळ्यात तो गेला. झोपेत गेला. खणातल्या सुतळीला कळलं तेवढंच मला कळलं. घरात काठी वाजायची थांबली.

चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने चर्चला न्यायच्या पावासाठी साबिनाने कणीक मळली. बापाने कोरलेला लाकडी ठसा पिठात बुडवला, कणकेवर दाबला, उचलला. ठशावरची उलटी अक्षरं पावावर सुलटी उमटली. लहानपणापासून बघत आली होती ती. पण त्या दिवशी तिचा हात हवेतच थांबला. मग तिने खण उचकटला. सुतळ्या खाली पडल्या. तिने मला काढलं, उरलेल्या कणकेवर पालथं घातलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं.

मला उचललं तेव्हा कणकेवर नाव उलटं होतं, हुद्दा उलटा होता. पण सात, चार, दोन, पाच अगदी सुलटे, ताजे, टपोरे. जणू आत्ता कुणी कोरले.

"बाबा," ती म्हणाली. "वाचता आलं मला. बघा ना, वाचता आलं." आणि तिथेच, पिठाच्या हातांनी मला छातीशी धरून जमिनीवर बसली. आग्लाया दारात आली आणि खाली पडलेल्या सुतळ्या वेचायला लागली.

मशीनची पाटी आता वर आहे, कायद्यापुरती. तिच्याखाली, नेस्तोरचा हात पोचायचा त्या उंचीवर, मी. बँकवाला परवा पुन्हा हसला. साबिना म्हणाली, "ती वाचायची नाही, साहेब. तिला हात लावायचा." त्याने नाही लावला. हातात कागद होते म्हणे.

माझी किंमत काढायला सांगितलं, तर साबिना खरं तेच लिहील. मोडीचं पितळ, अमुक वजन. ती आता चोख काम करते, सगळे सांगतात. पण विधवेच्या त्या मांडवावरून गेली की ती उगीच थांबते.

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या म्हाताऱ्या हाताने केलेलं वाकडंतिकडं काही असेल, तर ते त्याच्या डोळ्यांदेखत काढू नका. डोळे गेले असतील तर त्याच्या बोटांदेखत तर मुळीच नको. बोटांना सगळं कळतं, आणि ती तक्रार करत नाहीत.

मला आता सगळे वाचतात. चाचपत कुणी नाही. सकाळी पावाचा वास रस्त्यावर आला, की मी अजून पिठाची वाट बघते.