सात दहाची नोंद

रोहिणीनं कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवरची लाल ओळ पुन्हा वाचली. चार नंबरचं लेथ मशीन ज्या फाईलवर चालतं, तिच्यात एकच आकडा बदलला होता. बेचाळीसचे पंचेचाळीस झाले होते. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

नागापूर एमआयडीसीतल्या या वर्कशॉपची पहिली शिफ्ट साडेसातला सुरू होते. सात दहाला गेटवरच्या वॉचमनशिवाय इथं कुणीही नसतं.

फायलींवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम रोहिणीनंच लिहिला होता. ऑफिसातला कॉम्प्युटर विंडोजवर चालायचा आणि फायली ठेवलेला सर्व्हर लिनक्सवर. विंडोज नुसतं 'बदललं' म्हणून मोकळं होतं. लिनक्स मात्र चौकस शेजारणीसारखं, फाईल कधी उघडली, कधी लिहिली, कधी मिटली, सगळं सांगत बसतं. दोघांचं जुळवता जुळवता तिच्या नाकी नऊ आले होते, आणि त्यात भर वैजनाथकाकांची.

काका चार नंबरचे सेटर, कामाआधी मशीन जुळवून देणारे. आल्या आल्या फाईल उघडायचे, वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि काही न बदलता सेव्ह करायचे. की लगेच प्रोग्रॅमची बोंब सुरू.

"काका, काही बदलत नाही, तर सेव्ह कशाला करता?"

"नजर फिरवलीय, म्हनून सांगून ठेवायचं असतं, पोरी."

शेवटी तिनं युक्ती केली. मजकूर तोच असेल, तर नोंद ठेवायची पण दाखवायची नाही. त्या दिवसापासून काकांचा रोजचा हात स्क्रीनवर दिसेनासा झाला. तेव्हा तिला त्याचं हसू आलं होतं. गेल्या श्रावणात काका अटॅकनं गेले, आणि ते हसू तिला अजून बोचत होतं.

लाल ओळीच्या शेवटी नाव होतं वैजनाथ. त्यांचं लॉगिन काढायचं राहूनच गेलं होतं.

"ताई, फाईल देताय ना? जॉब लावून ठेवलाय."

दारात अंगद उभा होता. पाथर्डीकडचा, काकांच्या हाताखाली शिकला आणि आता चार नंबर तोच चालवायचा.

"या फाईलला तू हात लावलास का?"

"न्हाई बा. फाईलचं समदं काकाच बघायचे."

कुणाला तरी काकांचा पासवर्ड ठाऊक असणार, आणि त्यानं हा चाळा केला असणार. रोहिणीला मनापासून राग आला. तिनं कालची प्रत परत आणली, त्यातले बेचाळीस नीट पाहून घेतले आणि ती पेनड्राइव्हवर घालून दिली. अंगद गेला.

मग तिनं नोंद उलगडून पाहिली. बदल मशीनच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवरून झाला होता. तो बघायला ती मशीनच्या रांगेतून पलीकडच्या कोपऱ्यात गेली. टेबलावर नुसता की-बोर्ड होता, आणि शेजारी धुळीत एक स्वच्छ चौकोन. कॉम्प्युटर परवाच दुरुस्तीला गेला होता, हे तिला आत्ता आठवलं. म्हणून तर अंगद पेनड्राइव्ह मागायला येत होता.

ती वळली, आणि समोर चार नंबरच्या चकवर, त्या फिरत्या तबकडीवर, तिला कापायचा जॉब जबड्यांसारखे पकडणारे तीन कोरे जॉ चमकताना दिसले.

"अंगद, हे जॉ कधी बदलले?"

"काल सांजच्याला, मेंटेनन्सवाल्यानं. जुने झिजले हुते." त्यानं हिरवं बटण दाबलं. "ह्ये जरा फुडं येत्यात. तीनेक मिलिमीटर."

चक फिरू लागला. बेचाळीस म्हणजे कापणाऱ्या टूलनं चकच्या किती मिलिमीटर अलीकडे थांबायचं, तो आकडा. जॉ बदलले की तो बदलायचा, आणि हे काम काकांचं. ते गेल्यावर ते कुणाकडे आलं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पहिला जॉब मशीनचं दार उघडं ठेवून बघायचा, ही काकांचीच सवय अंगदनं उचलली होती. तो वाकला. त्याचा चेहरा चकपासून हातभर अंतरावर होता.

रोहिणीनं धावत जाऊन लाल बटणावर हात मारला.

टूल जॉपासून नखभर अलीकडे थांबलं. अंगदनं ते पाहिलं, आणि त्याचा हात आपसूक गालावर गेला.

"आकडा चुकीचा होता," ती म्हणाली. "मीच घातला."

"मंग बरूबर आकडा कुनी सांगितला?"

ती ऑफिसात परतली. पंचेचाळीस जागेवर ठेवले. मग प्रोग्रॅममधली ती जुनी युक्ती, न दाखवायची, शोधून काढून टाकली.

इतके दिवस दडवलेल्या नोंदी भराभर स्क्रीनवर आल्या. काका गेले ती तारीख तिला पाठ होती. त्यानंतरचे तेरा दिवस रिकामे होते. चौदाव्या दिवसापासून रोज सकाळी सात दहा. उघडली, लिहिली, मिटली. आठ महिने.

साप्ताहिक सुट्टीचे दिवस तेवढे सुटले होते.