दोघींपैकी एक

मीनाक्षीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर सत्यभामामावशीच्या खांद्याभोवती बारीक रेघ फिरवली आणि तिला वनमालेपासून, म्हणजे मीनाक्षीच्या आईपासून, कापून वेगळं केलं.

रायपूर राजधानी झाल्यापासून लोकांना जुन्याचं भारीच कौतुक सुटलं होतं. एका साडीवाल्यालाही तसलंच पोस्टर हवं होतं: एक बाई खऱ्या फोटोतली, बाकी सगळं हाताने काढलेलं. मावशीने दोघी बहिणींचा स्टुडिओतला जुना फोटो हौसेने काढून दिला होता. वर आपण पोस्टरवर येणार म्हणून अख्ख्या चौबे कॉलोनीत सांगत सुटली होती.

"कोई भी एक रख लो, दीदी," जाहिरातींच्या ऑफिसचा मालक विराज म्हणाला. "दूसरी का स्केच बना दो. दुकानवाले को सिर्फ साड़ी से मतलब है."

कोई भी एक! त्याला काय जातंय म्हणायला. हा फोटो मावशीच्या लग्नासाठी काढलेला होता. आजोबांनी धाकटीलाही हौसेने शेजारी बसवलं, पाहुणे आले थोरलीला पाहायला आणि पसंत करून गेले धाकटीला. मावशी जन्मभर तशीच राहिली. आई गेल्यावर मीनाक्षीच्या वेण्या घातल्या त्या तिनेच.

मीनाक्षीने आधी मावशीच ठेवली. दात जरा पुढे, नजर भेदरलेली. पोस्टर काही केल्या बसेना. मग तिने आईला ठेवून पाहिलं, आणि मेलं एका क्षणात बसलं. तिला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबला नाही. मावशीचं तिने पाठमोरं चित्र काढलं, लांब वेणी, वेणीत अबोली. विराज खूश झाला.

संध्याकाळी ती पोस्टरची प्रत घेऊन मावशीकडे गेली. मावशीने चष्मा लावला आणि बराच वेळ कागद न्याहाळला.

"वनमाला छान दिसून राहिली," ती म्हणाली. मग तिचं बोट त्या वेणीवर थांबलं. "ही मी हाये का?"

"हो, मावशी."

"पाठमोरी काहून गं?"

"दुकानवाल्यानं ठरवलं," मीनाक्षी दारातच उभी राहून म्हणाली. "मी खूप सांगून पाहिलं त्याला. ऐकतच नाही तो."

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा मात्र लावला नाही.

"लग्न ठरलं तवा आमच्या क्वार्टरच्या दारात तुहा बापही असाच उभा होता," ती म्हणाली. "मले म्हणे, माह्या बाबानं पसंत केली धाकटीले, मी खूप सांगून पाहिलं."

मीनाक्षीला मान वर करवेना.

"बस ना, उभी काहून? तवाही मी खरंच मानलं होतं."