वाण्यापर्यंत

ह्यांनी कंपनीच्या वाचनालयातून एक मासिक आणलं आणि जेवताना त्यातला लेख मला वाचून दाखवला. मुलांना एकटं सोडा, पडू द्या, झाडावर चढू द्या, असलं काहीबाही. मी ताट सरकवलं.

"लिहिणाऱ्या बाईच्या घरामागं नदी नाय वाटतं."

आमच्या घरामागं पाताळगंगा आहे. थोरला विपुल तिथं चिंबोऱ्या धरायला गेला, तो परत आलाच नाही. तेव्हा रुचिता पाळण्यात होती. तिला मी एक पाऊल एकटीनं टाकू दिलेलं नाही. शाळेला स्कूटर, क्लासला स्कूटर. आता ती सहावीत आहे.

ह्यांनी नुसतं मासिक मिटून ठेवलं. ते मिटून ठेवणंच मला झोंबलं. मी रागारागानं रुचिताला हाक मारली आणि तिच्या हातावर पैसे ठेवले.

"जा गं, वाण्याकडनं काडेपेटी आण. एकटी जा."

ती हसतच चपला घालून पळाली. मागं न जाता मी उंबऱ्यातच उभी राहिले. वाणी म्हणजे आमच्याच आळीत, चार घरं सोडून. विपुल पाच वर्षांचा असताना तिथं एकटा जायचा, गोळी चघळत यायचा.

रुचिता फाटकापाशी थांबली. तिनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं,

"आई, दुकान कुठल्या बाजूला हाय गं?"